मेगावॉट आणि मेळघाट : ऊर्जासंक्रमणाचा वऱ्हाडातून आढावा

जून २०२५ अखेर देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॉटवर पोचली आणि तिच्यातला निम्मा वाटा सूर्य, वारा, पाणी, जैवभार व अणू या बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, असे केंद्र सरकारने जाहीर केले. २०३० साठी ठरवलेला हा टप्पा पाच वर्षे आधीच गाठला गेला. त्याच्या वर्षभर आधी, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, मेळघाटातल्या काही गावांनी रस्ता, पाणी आणि वीज नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही. एकाच देशात, एकाच काळात त्या शेजारी शेजारी कशा नांदतात, हे समजून घेतल्याशिवाय ऊर्जासंक्रमणाची चर्चा आज कुठे उभी आहे ते कळणार नाही. ते पाहायला चिखलदरा ही जागा सोयीची आहे. गाविलगडच्या डोंगरावर अकराशे मीटरच्या आसपास वसलेल्या या गावाच्या दक्षिणेला अकोला-अमरावतीचे कापूस-तुरीचे सपाट मैदान आहे आणि उत्तरेला मेळघाटचे वाघांसाठी राखलेले जंगल. पारसचे औष्णिक केंद्र, शेतातला सौर पंप, डोंगरमाथ्यावरचा वारा आणि तारेविना राहिलेली कोरकू आदिवासींची गावे, असा या प्रश्नाचा जवळजवळ सगळा पसारा दोन जिल्ह्यांत सापडतो.

या आढाव्यातून पुढे येणारे म्हणणे एवढेच आहे : संक्रमणाची मोजणी आपण 'किती बसवले' या मापाने करतो, पण वऱ्हाडात अडून राहिलेले प्रश्न निर्मितीचे नाहीत. ते तारेचे, साठवणीचे, दुरुस्तीचे आणि जमिनीवरच्या संमतीचे आहेत.

कोळशाची वाट

पूर्व विदर्भात कोळसा आहे, म्हणून चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा अशी औष्णिक केंद्रांची माळ तिकडे लागली. पश्चिमेकडे, म्हणजे वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातले पारस हे जुने केंद्र. तिथले आजचे दोन संच प्रत्येकी २५० मेगावॉटचे आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठला १३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प उभा राहिला. जिल्ह्यात तो 'सोफिया' याच नावाने ओळखला गेला. त्यावरचा मोठा वाद धुराचा नव्हता, पाण्याचा होता. सिंचनाचा अनुशेष बाकी असताना अप्पर वर्धा धरणाचे पाणी वीजप्रकल्पाला का, असा शेतकऱ्यांचा सवाल होता. हा वाद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण वऱ्हाडात ऊर्जेचा प्रश्न तेव्हापासूनच पाणी आणि जमीन यांच्या वाटणीचा प्रश्न म्हणून पुढे आला. इंधन बदलले म्हणून ही वाटणी आपोआप सुटत नाही.

देशपातळीवर धोरणाची पावले झपाट्याने पडली. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत २० गिगावॉटचे लक्ष्य होते. २०१५ मध्ये ते शंभरावर नेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन अशी घोषणा झाली. महाराष्ट्रात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'मेडा'ने, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाने, पवनऊर्जेची सुरुवातीची प्रात्यक्षिके केली. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. या विभाजनाचा एक परिणाम चर्चेत फारसा येत नाही. वीज तयार करणारा एक, वाहून नेणारा दुसरा आणि दारात देणारा तिसरा झाल्यावर निर्मितीच्या यशाचा आकडा वेगळा जाहीर होऊ लागला, आणि दारातल्या अंधाराचा हिशोब त्याच्याशी जोडलेला राहिला नाही.

स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांतला फरक इथेच स्पष्ट करायला हवा. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प महाराष्ट्राच्या उन्हात वर्षाला साधारण सोळा-सतरा लाख युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच दोन-तृतीयांश वेळ पूर्ण क्षमतेने चालला तरी साठ लाखांच्या जवळ जातो. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा मिळूनही देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशाचीच आहे. हा आकडा सौरऊर्जेला कमी लेखण्यासाठी नाही. सौर वीज नव्या कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त झाली आहे, यावर आता फारसा वादही नाही. पण ती दुपारी मिळते आणि गरज संध्याकाळी वाढते. यापुढची सारी धोरणे या एका अडचणीभोवती फिरतात.

दिवसाची वीज

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ही अडचण उलटी होऊन सोय बनते. कृषी वाहिन्यांवर वर्षानुवर्षे पाळीपाळीने वीज मिळत आली : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रब्बीत हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायचे म्हणजे थंडीत, अंधारात, साप-विंचू आणि रानडुकरांच्या धास्तीत ओलित करायचे. मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर, अकोट, तेल्हारा पट्ट्यात त्यात बिबट्याची भर. दिवसा वीज द्या, ही मागणी सौरऊर्जेची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची आहे. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगण सिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी ही तिची पहिली गावे. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात तिचे उद्दिष्ट वाढत सोळा हजार मेगावॉटपर्यंत गेले. उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज थेट कृषी वाहिनीला द्यायची, अशी ही रचना आहे. जोडीला वैयक्तिक सौर पंपांची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे.

समर्थकांचा युक्तिवाद भक्कम आहे. तीन रुपये युनिटच्या आसपास मिळणारी वीज जवळच तयार होऊन जवळच वापरली जाते, वहनातली गळती घटते, उद्योगांवरचा क्रॉस-सबसिडीचा भार हळूहळू उतरू शकतो आणि शेतकऱ्याला रात्रीचे जागरण उरत नाही. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. कोरडवाहू कापसाच्या हिशोबात ही रक्कम लहान नाही.

आक्षेप तीन आहेत आणि तिन्हींचे वजन वेगवेगळे आहे. पहिला जमिनीचा. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि सरकारी प्रकल्पांसाठी सोयीची जमीन म्हणजे गावाची ई-क्लास. विदर्भात ई-क्लास म्हणजे गुरे चारण्याची जागा. कागदावर पडीक दिसणारी ही जमीन भूमिहीनाच्या शेळीसाठी आणि पारध्याच्या वस्तीसाठी कधीच पडीक नसते. ग्रामपंचायतीला मिळणारे अनुदान हा मोबदला खरा, पण चराई गमावणारा आणि अनुदान वापरणारा ही एकच माणसे असतील असे नाही. दुसरा आक्षेप पाण्याचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा आधीच मर्यादेपलीकडे गेला आहे. लोक त्या भागाला 'ड्राय झोन' म्हणतात. जिथे विजेचा तुटवडा हाच उपशावरचा एकमेव लगाम होता, तिथे दिवसभर फुकट चालणारा सौर पंप विहीर लवकर कोरडी पाडू शकतो. उलट पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या मोठ्या भागात, भूजल खारे असल्याने बोअरवर पंप बसवून उपयोगच नाही. तिथे शेततळे असेल तरच पंपाला अर्थ. एकच योजना, एकाच जिल्ह्यात, एका तालुक्यात जास्त वापरली जाण्याचा धोका आणि दुसऱ्यात न वापरली जाण्याचा. यावर उत्तर म्हणून वाहिनीच सौर करण्याचा मार्ग वैयक्तिक पंपापेक्षा बरा ठरतो, कारण वाहिनीचे तास ठरवता येतात आणि उरलेली वीज ग्रीडला जाते. पण वैयक्तिक पंप लोकप्रिय आहेत, कारण त्यांना महावितरणच्या रोहित्रावर अवलंबून राहावे लागत नाही. शेतकऱ्याची ही पसंती अडाणीपणाची नाही. जळालेले रोहित्र बदलून मिळायला किती दिवस लागतात, या अनुभवातून ती आली आहे. तिसरा आक्षेप पैशाचा : मोफत विजेने कंपनीचा तोटा राज्याच्या तिजोरीवर जातो आणि मग देखभालीला पैसा कमी पडतो. तो खोडून काढण्याजोगा पुरावा अजून कोणी मांडलेला नाही.

वारा, उतार आणि वाघ

चिखलदऱ्याच्या माथ्यावर वारा आहे, हे वेगळे सांगायला नको. जवळच्या मोथ्याला मेडाचा पवनऊर्जेचा प्रात्यक्षिक प्रकल्पही झाला. तांत्रिकदृष्ट्या हा वारा मोलाचा आहे, कारण आपल्याकडे तो जून ते सप्टेंबर या महिन्यांत जोर धरतो, नेमका जेव्हा ढग आणि धुके सौर पॅनेलचे काम मंद करतात. पावसाळ्यात चिखलदरा कित्येक दिवस धुक्यातून बाहेर येत नाही. तिथे नुसत्या सौरऊर्जेवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. दोन्हींची जोडी वर्षभराचा चढउतार बराच सपाट करू शकते. तरीही सातारा किंवा धुळे जिल्ह्यासारखी पवनचक्क्यांची रांग इथे लागली नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. मेळघाट हे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वारा जिथे चांगला, ती कडेपठारे शिकारी पक्ष्यांचीही आहेत. नामशेष झाल्याचे मानले गेलेले आणि १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडलेले रानपिंगळे मेळघाटातही आहेत. राजस्थानात माळढोक पक्ष्यावरून हाच पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने त्या पट्ट्यात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा व्यापक आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. म्हणजे पक्षी वाचवणे आणि कार्बन कमी करणे या दोन्ही बाजूंना कायद्याचा आधार मिळाला. कोणाला कुठे प्राधान्य द्यायचे ते जागेजागी ठरवायचे आहे.

दुसरा प्रस्ताव उताराचा. उदंचन जलविद्युत म्हणजे दुपारच्या स्वस्त सौर विजेने खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. नगर-ठाण्याच्या सीमेवरचे घाटघरचे २५० मेगावॉटचे केंद्र याच तत्त्वावर चालते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि त्यानंतर झालेले मोठे करार बहुतांश सह्याद्रीतले आहेत. संभाव्य जागांच्या जुन्या यादीत चिखलदऱ्याचेही नाव आहे, कारण गाविलगडचा कडा पठारावरून एकदम खाली उतरतो. बाजूने बोलणारे म्हणतात की साठवण नसेल तर सौरऊर्जा वाया जाईल, आणि असे उतार मैदानात तयार करता येत नाहीत. विरोधात बोलणारे दाखवतात की दोन जलाशय, बोगदा, रस्ते आणि पारेषणाचे मनोरे असे सगळे जंगलाच्या अंगावर येणार. त्यात एक स्थानिक मुद्दा आहे : ज्या तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात गावांना टँकर लागतो, तिथे डोंगरावर साठवलेले पाणी विजेसाठीच का? प्रकल्पवाले सांगतात की हे पाणी एकदा भरले की फिरत राहते, फक्त बाष्पीभवनाची भर घालावी लागते. हे बरोबर आहे. पण ती भर नेमकी एप्रिल-मेमध्ये घालावी लागते, हेही तितकेच बरोबर.

इथे एक जवळचे उदाहरण उपयोगी पडते. अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जात होता. त्याचे रुंदीकरण करताना जुन्याच वाटेने जायचे की वळसा घालायचा, यावर बरीच वर्षे वाद चालला आणि शेवटी वळशाचा पर्याय पुढे आला. वळशाने अंतर वाढते, खर्च वाढतो. पण जंगलाबाहेरच्या गावांनाही गाडी मिळते. ऊर्जेतही वळशाचा पर्याय आज आहे. बॅटरीच्या किमती गेल्या दशकात झपाट्याने उतरल्या, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांसोबत किमान दोन तासांची साठवण ठेवण्याचा सल्ला दिला. मैदानातल्या उपकेंद्राशेजारी बॅटरी बसवता येत असेल, तर गाविलगडच्या कड्याला हात लावण्याची निकड कमी होते. मोठ्या आणि दीर्घ साठवणीत उदंचन अजूनही उजवे आहे, हा आक्षेप योग्य. पण त्यासाठी राज्यात इतर जागा आहेत. म्हणून या एका मुद्द्यावर माझा कौल थांबण्याच्या बाजूने आहे.

शेवटचा खांब

आता मेळघाटच्या आतले चित्र. धारणी भागाला वीज मध्य प्रदेशातल्या नेपानगरकडून येते. ती वाहिनी पडली की मोठा पट्टा अंधारात जातो. पावसाळ्यात झाडे तारांवर कोसळतात आणि दुरुस्ती पथकाला वाट नसते. व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या गावांना खांब न्यायचे तर वन आणि वन्यजीव मंजुरी लागते, आणि ती अडवण्यामागे केवळ कागदी हट्ट नाही. विदर्भात उघड्या तारेवर आकडा टाकून जनावरे मारली जातात. वाघही त्यात गेले आहेत. यावर आवरण असलेली केबल किंवा भूमिगत वाहिनी हा उपाय माहीत आहे. तो महाग आहे, एवढाच काय तो अडसर.

त्यामुळे या गावांना सौर संच देण्यात आले. दोन पक्ष इथे समोरासमोर येतात. एक म्हणतो, जंगलातल्या विरळ वस्तीला तार नेण्यापेक्षा सौर संच स्वस्त, स्वच्छ आणि जंगलाला सुरक्षित आहे; संक्रमणाचे खरे प्रात्यक्षिक हेच. दुसरा, म्हणजे बहुतेक गावकऱ्यांचा, म्हणतो की आम्हाला 'खरी लाइट' पाहिजे. पहिला पक्ष हे अज्ञान मानतो, पण संचात काय असते ते पाहिल्यावर गावकऱ्यांचे म्हणणे पटते. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घराला २०० ते ३०० वॉटचे पॅनेल आणि बॅटरी, पाच दिवे, एक पंखा आणि एक प्लग अशी तरतूद होती. यावर पिठाची गिरणी चालत नाही, पंप चालत नाही, मोथ्याच्या गवळ्याचे दूध थंड राहत नाही. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत दम सोडते, आणि पावसाळ्यात जेव्हा प्रकाश सर्वाधिक हवा तेव्हा ती अर्धीच भरते. सरकारी व्याख्येनुसार गावातल्या दहा टक्के घरांत आणि सार्वजनिक जागी वीज पोचली की गाव विद्युतीकृत. एप्रिल २०१८ मध्ये देशातली सर्व गावे अशीच विद्युतीकृत जाहीर झाली. व्याख्या पूर्ण झाली म्हणजे गरज पूर्ण झाली असे होत नाही.

या दोन टोकांमध्ये एक मधला मार्ग आहे : गावापुरते सूक्ष्म जाळे, ज्यात सौर पॅनेल, बॅटरी आणि जमल्यास छोटी पवनचक्की एकत्र असतात आणि गिरणीपुरती ताकद मिळते. त्याचे तंत्र सिद्ध आहे. प्रश्न मालकीचा आहे. ते कंपनीचे, मेडाचे की ग्रामसभेचे? मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून आपले जंगल पुन्हा उभे केले आणि सीताफळाचा व्यवसाय चालवला. ग्रामसभा साधनसंपत्ती सांभाळू शकते, याचा हा जिल्ह्यातलाच पुरावा. यावर एक सावध आक्षेप असा की जंगल आपोआप वाढते, इन्व्हर्टर आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणूनच ग्रामसभेच्या मालकीला तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि बॅटरी बदलण्याचा राखीव निधी यांची जोड अटळ आहे. चिखलदरा आणि धारणीत असे तंत्रज्ञ तयार करणे हा खर्च पारसच्या एका दिवसाच्या कोळशापुढेही मोठा ठरणार नाही, असे मला वाटते.

चूल आणि पऱ्हाटी

ऊर्जेच्या चर्चेत विजेखेरीजच्या ऊर्जेला जागा मिळत नाही, ही जुनी खोड आहे. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत आजही चुलीला पऱ्हाटी, तुराटी (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या) आणि शेणाच्या गोवऱ्या लागतात. मेळघाटात सरपण जंगलातून येते. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर दारात आणले, पण दुसऱ्यांदा भरायचा पैसा हातात असेलच असे नाही. दुसरीकडे औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्क्यांपासून सुरुवात करून जैवभाराच्या कांड्या मिसळाव्यात असे केंद्राचे धोरण आहे. म्हणजे पऱ्हाटीला पहिल्यांदाच मोठे गिऱ्हाईक मिळू शकते. शेतकऱ्याला वेचणी आणि वाहतूक परवडेल असा दर मिळाला तर हे चांगलेच. पण मग जी शेतमजूर बाई आज वावरातून फुकट पऱ्हाटी नेते तिची चूल कशावर पेटेल, हे धोरणात कुठेच लिहिलेले नाही.

काय सुटलेले नाही

भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, तेव्हा कोळसा सोडण्याची घाई आपल्यावर लादू नये, असे एक मत आहे. दुसरे मत म्हणते की तापमानवाढीचा मार इथल्याच कोरडवाहू शेतकऱ्यावर पडतो, तेव्हा उशीर परवडणारा नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही दिल्लीपुरती पुरेशी आहेत. वऱ्हाडात मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही, कारण इथले अडलेले काम कोणत्याही बाजूने करावेच लागणार आहे : रोहित्रे वेळेत बदलणे, जंगलातली तार आवरणाची करणे, ई-क्लास जमीन देण्याआधी ग्रामसभेत गुराख्याचेही म्हणणे नोंदवणे, ड्राय झोनमध्ये पंपाआधी पाण्याचा ताळेबंद मांडणे. पारसच्या कामगारांचे पुढे काय, हा प्रश्नही आत्ताच विचारायला हवा. संच बंद होण्याच्या वर्षी विचारून उत्तर मिळत नसते.

आणि मापाचा प्रश्न. विधिमंडळात, वर्तमानपत्रात, कंपन्यांच्या अहवालात मेगावॉट मोजले जातात. मेळघाटातल्या प्रत्येक गावाला महिन्यात किती तास वीज मिळाली, किती सौर संच चालू आणि किती बंद, हा तक्ता चिखलदरा आणि धारणीच्या पंचायत समितीत दर महिन्याला लागला पाहिजे. तो लावायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. सौभाग्य योजना ३१ मार्च २०२२ ला संपली. तिच्यातल्या सौर संचांना पाच वर्षांची देखभाल ठरवून दिलेली होती. अगदी शेवटच्या दिवशी बसवलेला संच धरला, तरी ती मुदत मार्च २०२७ मध्ये संपते.